कडेवर

हिला घरात आणायचं नाही.
कुत्री येतात आत, थंडी फारच वाढली तर.
ही मात्र बाहेर, खांबांवरच्या कोठारात, खुंटीला,
उणे पंचेचाळीसात,
थुंकी जमिनीवर पडायच्या आत जिथे खडा होते.
आत आणली की हिला घाम फुटतो.
नळीला आतून दव,
आणि पहाटे त्याच दवाचा बर्फ.

एकसष्ट साली शिकारखात्याने
मामाच्या नावावर लिहून दिली.
तुलाच्या कारखान्यातली, एका वेळी एकच गोळी.
पुढे खातं बुडालं. सरकार बुडालं.
मामा त्याच्याही आधी,
तुंगुस्काच्या पातळ बर्फातून.
ही काठावर सापडली, बर्चला टेकवलेली.
हिला घेऊन तो पातळ बर्फावर जात नसे.

डोळ्यात तेल घालून जप, म्हणाली होती मामी.
पण थंडीत तेलाचा थेंब नको.
तेल गोठतं, स्प्रिंग आळसावते,
टाचणी काडतुसापर्यंत पोचते आणि नुसती टेकते,
उधार मागायला आलेल्या माणसाने दार वाजवावं तशी.
सप्टेंबरात खिट्टी रॉकेलमध्ये बुडवते,
कोरडी ठाक पुसते.
तेल वसंतात. तेही करंगळीच्या टोकाएवढं.

आणि नळी फार घासायची नाही.
हे मला उशिरा कळलं.
पहिली दहा वर्षं सळई घालून घालून
तोंडाशीच खरवडलं हिला.
हजारो गोळ्यांनी केलं नाही ते नुकसान
माझ्या काळजीने केलं.
आता गोळी बोटभर डावीकडे जाते.
मी बोटभर उजवीकडे धरते.
खारीला डोळ्यातच लागते, कातडं शाबूत राहतं.

दस्ता दोनदा फुटला.
एकदा अस्वलामुळे, असं मी सांगते;
खरं तर जावई बसला त्यावर, घसरगाडीत.
तांब्याच्या तारेने आवळलाय.
रिकामं काडतूस ओढणारी नखी झिजली तेव्हा
वीजघरातल्या तिखोनने
तुटक्या ड्रिलचं टोक कानशीने घासून नवी बसवली.
मजुरी: चार कातडी, आणि अर्धी रात्र त्याच्या बायकोच्या तक्रारी.

हिची टाचणी मधोमध मारत नाही.
ठिणगीचा मसाला काडतुसाच्या कडेत असतो,
म्हणून कडेवर मारते.
कधी ती जागा मुकी निघते.
नवखा माणूस शिवी देऊन फेकून देतो.
मी थोडं थांबते, काढते,
नखाने जरासं फिरवून परत घालते.
दुसऱ्या जागी मारलं की बोलतं.
बहुतेक वेळा.

ल्योन्का झाला त्या हिवाळ्यात
तो एका कडेवर आणि ही दुसऱ्या खांद्यावर.
आता तो क्रास्नोयार्स्कात असतो.
फोनवर विचारतो, नवी पाठवू का, दुर्बीण लावलेली?
मी विचारते, तू कधी येतोस?
मग लाईन जाते.

यंदा त्याचा गावरिल आला, अकरा वर्षांचा.
रात्री मला झोप लागल्यावर
हिला आत घेऊन आला हळूच,
स्वतःच्या पांघरुणात गुंडाळून चुलीपाशी निजवली,
आणि मी उठायच्या आत परत खुंटीला.
सकाळी लार्चवर सेबल.
कुत्र्यांनी झाड डोक्यावर घेतलेलं.
मी चाप ओढला. टक्.
फिरवलं. टक्.
पुन्हा. टक्.
सेबल या शेंड्यावरून त्या शेंड्यावर गेला,
घाई न करता.

पोर रडायला लागलं तेव्हा मला उमगलं.
पापण्यांवर पाणी गोठत होतं त्याच्या.
मी काही बोलले नाही, असं लिहायला आवडलं असतं.
पुष्कळ बोलले.
मग शेकोटी केली,
खिट्टी काढून त्याच्या हातात दिली,
आणि बर्फ कसा बसतो ते दाखवलं:
स्प्रिंगच्या वेढ्यात, पिठासारखा, दिसेल न दिसेल असा.
फुंकर मारू नकोस, म्हटलं.
त्याने श्वास धरून पुसली.

ते काडतूस माझ्या खिशात आहे.
कडेवर तीन फिकट खुणा.
चौथ्या खुणेपुरती जागा अजून आहे.