टीप क्रमांक सतरा

एकतीस मार्च. दिंडोरी रस्त्यावरची वायनरी.
मी, शरद गायधनी, हिशेबनीस,
पहिल्यांदाच वही मिटून बागेत.

पुण्याहून आलेली ऑडिटर सांगते :
वेल आता यंत्रसामग्रीत धरायची,
बाटल्या भरायच्या मशीनशेजारी.
घड वेलीवर आहे तोवर जैविक मालमत्ता,
खुडला की माल.
आणि किंमत? वाजवी. आजची.
लंडनमध्ये बसून वाचता येईल अशी.

सव्वीस वर्षं मी झालेलं तेवढं लिहिलं :
खत इतकं, तार इतकी, मजुरी इतकी.
न विकलेल्याचा नफा मांडताना
पेन अडखळतं,
बारशाआधी नाव घ्यावं तसं.

खुडायच्या राहिलेल्या चार ओळी मोजतो आम्ही.
‘गृहीतकं?’
गारा पडणार नाहीत, म्हणतो मी. भाव पडणार नाही.
ती लिहून घेते.

तारेवर बुलबुल.
एक मणी टोचते, मान वाकडी करून
आमच्याकडे बघते, दुसरा टोचते.
‘हे कुठे दाखवायचं?’
‘नगण्य आहे, काका.’

सहीआधी टीप पुन्हा वाचली.
सगळं बरोबर होतं.
तरी कडेला, पेन्सिलीनं, सवयीनं :
बुलबुल खाते —
दोन मणी.