एकशे तेरा-चौदा

तोंडवळीच्या वाचनालयातल्या प्रतीत
एकशे तेरा-चौदा हे पान नव्हतं.
एकशे बाराच्या तळाशी खाडीतली बाई मान वळवते,
एकशे पंधरावर तांडेल होडीत थंडगार.

एकवीस वर्षं मी ती प्रत देत आलो, परत घेत आलो.
कुबलांच्या वासंतीने परत करताना विचारलं होतं,
"तिला भुवया नव्हत्या ना?"
पोस्टमन धुरी म्हणाला, ती हसत होती.
मी रजिस्टरात फक्त तारीख लिहिली.

मग सिनेमावाले आले. जनरेटर, धुराचं मशीन,
रापणीच्या वाळूत कॅमेऱ्याचे रूळ.
बाईचं काम करणारी मुलगी दुपारी
पांढऱ्या लेन्स डबीत काढून ठेवून
सोलकढी प्यायची, दोन-दोन पेले.

कुडाळच्या टॉकीजमध्ये तिने मान वळवली.
तोंड दिसलं. सगळं दिसलं, दातांसकट.
मागे कुणाचं तरी पोर हसलं.
बाहेर एसटीची वाट बघत वासंती पुटपुटली,
"तोंड कित्याक दाखवल्यानी?"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक घडी होती,
कडा पिवळ्या, कोपऱ्याला हळदीचा डाग.
वाचलं. भरती. कंदिलाची काच तडकते.
पाणी वल्ह्याच्या मुठीपर्यंत चढतं.
चेहऱ्याबद्दल एक ओळ नाही.

डिंकाची बाटली समोर होती.
घडी रजिस्टरात सरकवली,
आणि संध्याकाळी नववीतल्या पोराने ती कादंबरी मागितली
तेव्हा म्हटलं,
ने, पण एक पान नाही हां त्यात.