दहावी ओळ

मस्टरच्या पानावर छापील ओळी पंचवीस.
आमच्याकडे नवव्या ओळीखाली
पट्टी धरून लाल रेघ.
ती यांनी शिकवली मला,
लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात,
गाळ्याच्या माळ्यावर पंख्याखाली बसवून:
‘नवव्याच्या खाली उतरायचं नाही, शैला.
दहा झाले की कायदा जेवायला येतो.’
मी हसले होते. अक्षर माझं चांगलं होतं.

हे गेले, रेघ राहिली.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, गाळा चौदा.
तीस टनी प्रेस दोन, दहा टनी एक,
गिझरचे ब्रॅकेट, वॉशर, पट्ट्या,
आणि माणसं कधी अकरा, कधी तेरा,
पण नऊ.

विमावाला टिपणीस दर दिवाळीआधी यायचा,
पत्रक ठेवून जायचा.
पहिलाच प्रश्न: एकूण कामगार किती?
तिथेच मी अडायचे.
खरं लिहिलं तर रेघ मोडणार,
खोटं लिहिलं तर हप्ता कशाला भरायचा?
‘पुढल्या वर्षी बघू.’
पत्रकावर कपाचा गोल डाग.
खंडेनवमीला मात्र तिन्ही प्रेसना
झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, दोन किलो पेढे.
ते किरकोळ खर्चात लिहिलेलं आहे. पान सापडेल.

मार्चची अठरा. ऑर्डर अडकलेली.
गार्ड कपाटामागे उभा करून ठेवलेला,
कारण तो लावला की तासाला साठ नग कमी.
काढायला मीच सांगितलं होतं.
पोलिसांना हे सांगितलं नाही, इथे लिहितेय.
आवाज नेहमीसारखाच आला.
पुढचा नग आला नाही, एवढंच.

रिक्षात सुदाम निमसेचा हात माझ्या पदरात.
शहापूरचा पोरगा, मला ताई न म्हणता शेठ म्हणायचा,
आणि मी कधी दुरुस्त केलं नाही.
वळणावर ईएसआयचं हॉस्पिटल,
त्याची पाण्याची टाकी माळ्याच्या खिडकीतून दिसते.
रिक्षावाल्याने आपणहून वेग कमी केला.
‘पुढे घ्या,’ मी म्हणाले.
कार्ड नव्हतं. दहाव्याचं नव्हतं,
नवांपैकी एकाचंही नव्हतं.
अठरा वर्षं नऊ लिहीत आले,
त्याचा अर्थ शून्य होतो
हे त्या सिग्नलला कळलं.

वकिलांनी कायद्याचं परिशिष्ट दिलं.
त्यात माणूस टक्क्यांत आहे.
अंगठा तीस.
तर्जनी चौदा, दोनच पेरं गेली तर अकरा.
अनामिका सात.
रात्री कणीक मळताना मी माझ्याच हातावरून
हिशेब फिरवला. अंगठी सात टक्क्यांवर होती.
‘पोरगा बावीसचा आहे ना,’ वकील म्हणाले,
‘वय कमी, म्हणजे आकडा मोठा. महाग पडेल.’
दहा टनी प्रेस विकली.
रक्कम आयुक्तांच्या कार्यालयात भरली, पावती आहे.
पावती बघून झोप लागेल असं वाटलं होतं.

टिपणीसला मीच फोन केला.
पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं: तेरा.
त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं,
मग गप्पपणे पुढचं पान उलटलं.
ईएसआयचं काम बघणारा पोरगा म्हणाला,
‘मॅडम, आजपासूनचं करून देतो.
मार्चमधलं काही मागता येणार नाही.’

जूनमध्ये सुदाम परत आला. प्रेसवर नाही, पॅकिंगला.
मस्टर पुढ्यात घेतलं.
लाल रेघ खोडता येत नाही, शाई आहे.
तिच्याखाली लिहिलं:
दहा. सुदाम काळू निमसे. रुजू दिनांक एक जून.
तो वाचत राहिला. दहावी पास आहे.
‘शेठ, मी तर दोन वर्षं झाली इथे.’
‘हो,’ मी म्हणाले.
त्यापुढे मला काही सुचलं नाही.

पेन त्याने अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरलं.
सही मोठी झाली,
अकराव्या ओळीवर सांडली थोडी.
तिथे आता मनसुखचं नाव लिहायचंय.
जागा करून लिहीन.