कव्हय जाशी

पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात,
मेडल लावून या म्हणतात.
यंदा सहावीतली पावऱ्यांची पोर उठली,
तेल थापलेले केस, लाल रिबिनी,
"काका, लंकेत मग आपण जिंकलो का?"
मुख्याध्यापक खोकले.
मी म्हणालो, बेटा, पेढा घे.

भुसावळला सायकल स्टँडवर बसतो मी आता.
पितळी बिल्ले चारशे बारा, त्यातले नऊ हरवलेत.
कोणाची सायकल कोणती, बिल्ल्याविना सांगतो.
तिकडे बत्तीस महिन्यांत
एका गल्लीतली माणसं ओळखता आली नाहीत.
लुंग्या सारख्या, हसू सारखं,
आणि सकाळी ज्याने शहाळं सोलून दिलं
रात्री तार त्यानेच जोडली की त्याच्या भावाने,
हे उखर्डू कोळीला विचारायला हवं.
नशिराबादचा. तो पुढे चालत होता.

उतरलो तेव्हा हार पडले गळ्यात, खोटं नाही सांगत,
कसल्याशा पांढऱ्या फुलांचे, वास अजून आहे नाकात.
साहेब म्हणाले, दोन महिने. भांडण मिटवायचं नि परत.
आम्ही दिवाळीच्या फराळाची यादी केली.

भांडण नकाशावर होतं,
लाल पेन्सिल, निळी पेन्सिल.
गल्लीत एक विहीर, ताडाच्या झावळ्यांची कुंपणं,
आणि एक म्हातारी.

ओसरीवर बसून सुपात तांदूळ निवडायची.
आमची गस्त आली की मान वर, आणि रोज तेच:
एप्प पोवींग.
आवाजात राग नाही. माझी आई शिरसोलीला
दारावरच्या माणसाला "जेवना का?" विचारायची, तसं.
सेल्वराजला विचारलं, आमचा सिग्नलवाला, वेल्लोरचा.
तो बुटाची नाडी बांधत म्हणाला, "आशीर्वाद देतेय."
तेव्हापासून मी हात जोडायचो.
रायफल काखेत दाबून, दोन्ही हात.

मधे बरंच झालं.
पूल बांधला, त्यावरून आमच्याच गाड्या गेल्या.
दवाखाना काढला. भिंतीत भोकं पडली,
कोणाच्या गोळीची, ते त्यांनी मोजलं, आम्ही मोजलं,
आकडे जुळले नाहीत.
ज्यांना वाचवायला गेलो ते,
ज्यांच्यापासून वाचवायला गेलो ते,
आणि ज्यांनी बोलावलं ते,
शेवटी शेवटी तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालं.
कोणत्या, ते मला कळलं नाही.
कुत्री भुंकायची थांबली होती.
मला वाटलं, ओळख झाली.

परवा नवजीवन चाळीस मिनिटं लेट.
फलाटावर कळशी भरत होतो, तर खिडकीतून एक बाई,
कपाळावर विभूती, हातात रिकामी बाटली:
"एप्प पोगुम?"

कळशी नळाखाली भरून वाहत राहिली.
तिचा मुलगा मागून म्हणाला,
अंकल, अम्मा पूछती है, गाड़ी कब जाएगी.

कब.
एप्प.
कव्हय.
कव्हय जाशी रे भाऊ, म्हणत होती ती,
तांदळातला खडा अंगणात टाकत.
आणि मी हात जोडत होतो.

सेल्वराज, तुला ठाऊक होतं.
साहेबांनाही असेल, त्यांना तमिळ येत नव्हतं तरी.
पाहुणा तिसऱ्या दिवशी जड होतो, हे आमच्याकडे पोरंही जाणतात,
आणि आम्ही तिच्या दारावरून बत्तीस महिने चालत राहिलो,
खिशात नाही, वायरलेसवर नाही,
त्या एका शब्दाचं उत्तर कुठेच नव्हतं.
तिला घाई नव्हती.
तिला कुठे जायचंच नव्हतं,
अर्धं सूप निवडायचं राहिलं होतं.

मी सिग्नलकडे पाहिलं, गार्डच्या डब्याकडे पाहिलं,
बाटली भरून दिली,
दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली:
दस मिनिट, अम्मा. दस मिनिट.
ती हसली, खिडकीतून आत सरकली.

गाडी बाराव्या मिनिटाला सुटली.