पॅकिंग

उद्यमनगरात लेथवर तेहतीस वर्षं काढली मी,
पण माझ्याच शेडमधल्या या बीएसएला
माझा एकही पाना लागत नाही.
चौदाचा ढिला, तेराचा शिरत नाही,
इंचाचासुद्धा नटाची कड खातो.
तिला व्हिटवर्थच पाहिजेत,
बाबालाल शिकलगारांच्या लाकडी पेटीतले,
ज्यांच्यावरचे आकडे अंगठ्यानं झिजलेत
आणि तरी हाताला बरोब्बर कळतात.

बेचाळीसची. लष्करातली. पाचशे सीसी.
डिस्पोजलात कुणी घेतली, किती हात फिरली,
चाचांनासुद्धा पुरतं ठाऊक नव्हतं.
मला देताना एवढंच म्हणाले,
"हिला घाई आवडत न्हाई. किक मारायच्या आधी
जरा थांबायचं. काय बोलायचं ते मनात बोलायचं."

या वर्षी तेल जास्तच गळायला लागलं.
रोज सकाळी कोब्यावर परातीएवढा डाग.
खाली पेपर घालून ठेवायचो,
तो निधनवार्तांसकट भिजायचा.

टायमिंगचं झाकण उघडलं.
आत गिअर जागच्या जागी, खुणेला खूण,
आणि कडेला चिकटलेलं, तपकिरी झालेलं पॅकिंग.
रॉकेलच्या बोळ्यानं पुसता पुसता
अक्षरं वर आली.
'आमचे येथे श्रीकृपेकरून'
पुढं स्क्रूचं भोक.
मग 'चि. सौ. कां. इंदु'
आणि पुन्हा भोक.
शके अठराशे त्र्याऐंशी.

कुठल्या तरी मिस्त्रीनं
हाताला लागली ती लग्नपत्रिका कापली.
जाड होती, म्हणून.
इंदुमती की आणखी कोण, माहीत नाही.
पन्हाळ्याचा चढ, गगनबावड्याचा घाट,
बिंदू चौकातलं ऊन,
तिच्या नावाच्या पलीकडं गिअर फिरत राहिले
साठ वर्षं.
उचलायला गेलो तर तुकडे झाले.

"पप्पा, नवीन कशाचं करणार?"
दारात हर्षदा.
लक्ष्मीपुरीत पॅकिंगचा कागद मिळतो,
मी तसं म्हणणारच होतो.
ती आत गेली. माळ्याची शिडी वाजली.

गेल्या माघातल्या पत्रिका. अडीचशे.
गठ्ठ्याची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती.
आमच्या घरात त्या कुणी वाटल्या नाहीत,
जाळल्या नाहीत, रद्दीत दिल्या नाहीत.
त्यांच्याबद्दल बोलायचं नाही
असंही कुणी ठरवलं नव्हतं.

"हे घ्या," म्हणाली, "चांगलं जाड आहे की."

मी पत्रिका झाकणावर धरली,
बॉलपिन हातोडी तिच्या हातात दिली.
कडेकडेनं. हळू. जोर लावायचा नाही,
झाकणाची धारच कागद कापते.
टक टक टक.
गणपती गेला. मुहूर्त गेला.
कार्यालयाचा पत्ता अर्धा राहिला.
तिचं नाव कडेवर आलं, तिन्ही अक्षरं,
दुसरं नाव खाली कोब्यावर पडलं.
ते तिनं लोखंडाच्या किसात झाडून टाकलं.

दोन्ही अंगांना ग्रीस.
स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत.
किक तिनंच मारली.
आधी थांबली जरा.
मनात काय बोलली, मी विचारलं नाही.
तिसऱ्या किकला पत्रा हादरला,
शेजारच्या फौंड्रीतनं कुणीतरी शिट्टी घातली.

रात्री टॉर्च घेऊन वाकलो.
"गळतंय?" तिनं आतून विचारलं.
"थोडं."
ती कालचा पेपर घेऊन आली.