उरेब

सरळ कापलेलं कापड ताणत नाही,
उरेब कापलेलं ताणतं.
गळ्याच्या वळणाला म्हणून उरेब पट्टीच लागते,
ती चुणी पडू देत नाही.
हे गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगत आले,
स्वतःची पाठ मात्र आरशाकडे केली नाही.

माझ्या ब्लाउजचा डावा खांदा उजव्याहून
दोन बोटं खाली.
पाठीचे दोन भाग जणू दोन वेगळ्या बायकांचे.
माप माझं मीच घेते.
टेप कुणाच्या हातात देत नाही.

सायनच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली.
कणा असा, की घाईत घातलेला कच्चा धागा.
म्हणाल्या, फुप्फुसाला पसरायला जागाच नाही,
झोपेत श्वास उथळ होतो, वाईट हवा आत साचते,
सकाळचं डोकं त्यानेच दुखतं.
आणि मी दोनदा चष्मा बदलला होता.

आता कन्नमवार नगरच्या या खोलीत
मशिनी दोन.
एक दिवसा, पायाने चालणारी.
दुसरी रात्री; तिला पाय नकोत, वीज हवी,
आणि माझं नाक.

रेडकर काकू दारातून विचारतात,
ऑक्सिजन लावलाय ना गं?
नाही हो काकू. हीच हवा.
तुमच्या बोंबलांची, खाडीवरून येणारी,
नव्या कापडाच्या खळीची.
मला पोचवता येत नव्हती तिथवर
ती ढकलून देते, इतकंच.

पट्ट्याने गालावर वळ उठायचे.
मी मलमलची उरेब पट्टी शिवली त्याला आतून.
फिल्टर द्यायला आलेल्या इम्तियाजने फोटो काढला,
आठवड्याने सहा मागितल्या. मग सोळा.
मुलुंडचा एक मुलगा, चेंबूरच्या एक मास्तरीणबाई,
नावं ठाऊक नाहीत,
गालांची मापं वहीत आहेत.

हेमांगी, माझी भावजय, पहिला महिनाभर
कानात कापूस घालून झोपली.
रात्रभर कुणी कानाशी फुंकर मारतंय म्हणाली,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली.
खोली एकच. बरोबर होतं तिचं.

मे महिन्यात एका रात्री पावणेतीनला लाइट गेले.
मी नाही उठले.
ती उठली.
आवाज थांबला म्हणून.

मास्क काढला तिने, मला स्टुलावर बसवलं,
कोपरं शिवणमशिनीवर, खाली उशी.
दिगू मंडपवाल्याकडे बॅटरी मागायला पळाला,
चार मजले, अंधारात, एकच चप्पल घालून.
हेमांगी मागे उभी.
तिचा तळवा माझ्या पाठीवर,
जिथे फुगवटा आहे तिथे,
जिथे मी टेपसुद्धा टेकू देत नाही.
काही बोलली नाही. देवाचं नावही नाही.
मी आत घेतला की हात किंचित उचलला जायचा,
मी सोडला की खाली.
कधी कधी उचललाच जायचा नाही,
तेव्हा बोटांनी दाबायची, जरासं,
झोपेत गेलेल्या पोराला हलवावं तसं.

बॅटरी आली तेव्हा साडेतीन झाले होते.
मास्क लावताना, पट्टा मागे अडकवता अडकवता
म्हणाली,
वन्सं, माप चुकतंय तुमचं.
डावीकडे दोन नाही,
अडीच बोटं आहे.

सकाळी चहाच्या आधी
मी ब्लाउजची शिवण उसवली,
आणि टेप तिच्याकडे दिला.