जिन्याखालचं बिऱ्हाड

हडर्सफील्डच्या ह्या घरात जिन्याखाली
गॅसचा मीटर, व्हॅक्यूम क्लीनर, चिखलाचे बूट,
आणि मार्चपासून एक काळा डबा.
निळा दिवा, बारीक घुणघुण,
पोटात आमची सगळी गाणी.

विद्याधर म्हणाला, आणखी एक तोंड, वीज खायला.
मी म्हटलं, एकतीस वर्षं इथल्या लोकांच्या
बरगड्यांचे फोटो काढले,
एक डबा मला जड नाही.

रोज रात्री भांडी आवरून तीन सीड्या.
ट्रे आत जातो, गरगरतो,
जीभ काढून बाहेर येतो.
एकीवर ओरखडा. विलंबितात, समेच्या जरा अलीकडे
अडकली ती अडकलीच,
आणि मी चहाचा कप धरून उभी,
सम येईपर्यंत खाली ठेवता येईना.
नागपूरच्या भजनांच्या एका सीडीला
कॉम्प्युटर म्हणाला, हा पोर्तुगीज भाषेचा पहिला धडा.
विद्याधरला हसून हसून ठसका लागला.
मग तोही येऊन बसला, चष्मा पुसत,
मागची मुंगीएवढी अक्षरं वाचून दाखवायला.

यादी लागली तेव्हा पाहिलं,
सगळे पंडित ‘प’मध्ये दाटीवाटीनं,
उस्ताद सगळे ‘उ’त,
आणि बायका ‘श्रीमती’च्या एकाच खणात कोंडलेल्या.
एकेकाची पदवी काढत गेले,
डाव्या हातानं कानाची पाळी धरून,
उजव्यानं डिलीट.

शेवटी उरली ॲक्रॉइडची पिशवी.
शेजारचा ब्रायन ॲक्रॉइड, गिरणीच्या बँडमध्ये
युफोनियम वाजवणारा.
मुलीकडे स्कार्बरोला राहायला गेला
तेव्हा आमच्या दारात ठेवून गेला,
घरच्या रियाजाच्या अकरा कॅसेट.
मध्ये एकच भिंत होती आमच्या.
वीस वर्षं तिच्यातून
गाभण म्हैस हंबरल्यासारखं ऐकू यायचं.
शेजारधर्म म्हणून भरल्या.
नावं घालायचा कंटाळा केला.
अनोळखी कलाकार, एक ते बावीस.

डबा नोंद ठेवतो हे मला उशिरा कळलं.
कोणी, कुठून, किती वाजता, काय.
ऋजुता, ॲबर्डीन.
मंगळवार, रात्री दोन सत्तेचाळीस.
बुधवार, तीन दहा.
गुरुवारी चारदा.
वाटलं, यमन असेल, तिला झोपवताना लावायचो तो.
नाही.
अनोळखी कलाकार, सात.

हेडफोन घालून पायरीवर बसले.
युफोनियम चढतो, घसरतो.
ब्रायन खोकतो. खुर्ची सरकते.
पुन्हा तीच ओळ, पुन्हा त्याच जागी चूक.
आणि भिंतीपलीकडून, अगदी पुसट,
ठक. ठक ठक.
लाटणं.
आमचं लाटणं.
त्यापाठोपाठ एक बाई ओरडते, शब्द कळत नाहीत,
पण कोणत्या भाषेत ओरडते ते कळतं.

तिचं अभ्यासाचं टेबल त्याच भिंतीला होतं.

फोनवर ऋजुता म्हणते, सगळं ठीक आहे गं,
कामं जरा जास्त आहेत.
मी विचारते, तिकडे बर्फ पडला का.
ती म्हणते, थोडा.

सातव्याचं नाव बदलायला बोट नेलं होतं.
वाजवणारा आता अनोळखी राहिला नव्हता,
ठोकणारीही.
पण बदललं तर तिला कळेल, आई बघते.
राहू दिलं.

एवढंच केलं.
बारानंतर डबा झोपायचा, मीच लावून दिलं होतं तसं.
कुणी हाक मारली की
डोळे चोळत उठायला त्याला अर्धं मिनिट लागायचं.
ते अर्धं मिनिट काढून टाकलं.

विद्याधर बिल घेऊन आला, बोट ठेवून म्हणाला,
वाढलंय बघ.
म्हटलं, खाऊ दे.